टिकलीखाली उतरलेलं पाणी

"काल पाणी टिकलीला टेकलेलं होतं. आज बोटभर खाली. मग मधल्या वेळात काय, कावळा येऊन चोच घालून गेला?"

दमयंतीबाई परतूरकर कोपऱ्यातल्या पांढऱ्या कॅनपुढे उकिडव्या बसून विचारत होत्या. आदल्या दिवशी त्यांनी पाकिटातली लाल टिकली काढून कॅनवर बरोबर पाण्याच्या पातळीला चिकटवली होती. दारात कचरू मगरे धुतलेल्या फ्लास्कांचा ट्रे घेऊन थबकला.

"मला इचारता का, बाई?"

"तुला कशाला? कॅनला विचारतेय. तो तरी खरं बोलेल."

कचरू हसला आणि ट्रे ठेवून निघून गेला. बाईंना तेही खटकलं. निर्दोष माणूस हसेल कशाला?

आता खरं सांगायचं तर दमयंतीबाईंना संशय यायला कारण लागत नसे. त्यांच्या जिवाला तो लहानपणापासून जडलेला होता. भाजीवाल्यानं तोललेली मेथी त्या घरी आणून पुन्हा तोलायच्या. दूधवाल्यासमोर बोट बुडवून थेंब नखावर धरायच्या. श्रीरंगराव, म्हणजे त्यांचे यजमान, क्रांती चौकातून औषधं घेऊन यायला जरा उशीर करायचे, तर दारातच विचारपूस व्हायची. "वाहनं फार होती," असं ते म्हणाले की बाई म्हणायच्या, "वाहनं तर कालही होती." मन वाईट नव्हतं हो बाईंचं! कचरूच्या मुलीच्या लग्नात त्यांनी इरकल साडी दिली होती, आणि तीही दुकानदाराशी तासभर भांडून अस्सल घेतलेली. पण देताना हात सैल सुटायचा आणि विश्वास टाकताना मूठ आवळायची, त्याला कुणी काय करावं?

शिवना जीवाणू संशोधन केंद्र पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला होतं. तिथल्या भांडाराची आणि द्रावणं बनवायच्या खोलीची जबाबदारी बाईंकडे होती. कचरू त्यांच्या हाताखाली. अर्धं आयुष्य कंत्राटावर गेलं त्याचं. बाईंनीच त्याला फ्लास्क कसा धरायचा, वाफेच्या भांड्याचं झाकण कसं उघडायचं ते शिकवलं होतं. आता कुठे त्याला कायम करायचा प्रस्ताव वर गेला होता, आणि त्याच महिन्यात त्यावर सही व्हायची होती.

वर्ष दुष्काळाचं होतं. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत. जायकवाडी तळाला गेलेलं, नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. पण शहर वाढायचं काही थांबत नव्हतं. पडेगावात रोज नवा प्लॉट, नवी कमान, नवं बोअर, आणि बोअरमधून धूळ. केंद्राला टँकर यायचा. टँकरचं पाणी इतकं खारट, की त्यात विसळलेल्या काचेवर पांढरा थर धरायचा. त्यातून ऊर्ध्वपातन करून, म्हणजे उकळून वाफ थंड करून, शुद्ध पाणी काढायचं. त्याला सगळे डिस्टिल्डच म्हणत. ते यंत्र थंड ठेवायलाच इतकं पाणी वाहून जाई, की एक कॅन डिस्टिल्ड मिळवायला कितीतरी बादल्या गटारात. म्हणून यंत्र फक्त टँकर आला की लावायचं. दोनच कॅन शिलकीला असायचे: टेबलावरचा कामाचा, कोपऱ्यातला राखीव. आणि राखीवाचं पाणी रोज थोडं थोडं कमी होत होतं.

हे पाणी प्यायलाही गोड लागतं, असं केंद्रात सगळेच म्हणत. कचरू पडेगावला राहायचा, जिथे लोक हंडे घेऊन टँकरमागे धावत होते. बाईंनी मनातल्या मनात दोन आणि दोन चार केले. कुणाची जात त्यांनी कधी तोंडावर विचारली नव्हती. पण मनातून ती कधी विसरल्याही नव्हत्या.

त्या दुपारी सरिता हिवराळे साखरा तोलत बसली होती. वेरूळजवळच्या खेड्यातली पोर, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात. तिच्या निबंधावर परीक्षकांनी एकच शंका काढली होती, आणि तेवढ्यासाठी एक प्रयोग नव्यानं करून दाखवायचा होता. कचरू तिला फ्लास्क पुसून देत होता.

"ताई, इतके दिस धुतो मी हे. आत नेमकं मारता कुणाला अन् जगवता कुणाला, ते तरी सांगा."

"मामा, तुमच्या घराचं बांधकाम चाललंय ना?" सरिता म्हणाली. "तसंच समजा. जीवाणूच्या अंगाभोवती तेलकट पापुद्रा असतो. दुधावरची साय त्याच्यापुढं गोधडी वाटेल, इतका पातळ. त्या पापुद्र्यात प्रथिनं रोवलेली असतात. तीच त्याची दारं-खिडक्या. खाणं आत घ्यायचं ते त्यांच्यातून, नको ते बाहेर टाकायचं तेही त्यांच्यातूनच."

"मग?"

"पण ती तयार होतात आत, पाण्यात. धाग्यासारखी निघतात. त्यांना पाणी सोसत नाही. पाण्यात मोकळी सोडली तर गुंता होऊन वाया जातात. म्हणून धागा निघत असतानाच त्याचं टोक धरून पापुद्र्यापाशी नेणारं एक प्रथिन असतं. आणि तिथं त्याला तेलात नीट रोवायला मदत करणारं दुसरं. मी त्या दुसऱ्यावर काम करते."

"म्हंजी चौकट बसविणारा गवंडी."

"अगदी तोच!" सरिता खूश झाली. "आमच्या या वाणात गवंड्याची कळ आम्ही साखरेच्या हातात दिलीय. अरॅबिनोज नावाची साखर दिली की गवंडी तयार होतो. ग्लुकोज दिलं की कळ बंद, मग सोबत अरॅबिनोज असली तरी."

"अन् गवंडी नसला तर?"

"लगेच नाही मरत. जुने गवंडी असतात तोवर निभतं. जीवाणू दुप्पट होत जातात, तसे गवंडी वाटून वाटून संपतात. मग चौकटी अंगणात पडून राहतात, वाढ थांबते, नि खेळ खलास. म्हणून बघा, हे अरॅबिनोजचे फ्लास्क जगले पाहिजेत आणि हे ग्लुकोजचे मेले पाहिजेत. दोन्हींत फरक पडला तरच माझं म्हणणं खरं."

"लई नाजूक काम हाय, ताई."

"नाजूक आहे ना? मग हात जपून," बाई कपाटाआडून म्हणाल्या. "ती अरॅबिनोज मागवायला मला किती जणांच्या सह्या लागतात ते मलाच माहीत."

ही मामा म्हणते, तो ताई म्हणतो. दोघांचं मेतकूट बरंच जमलंय, असं बाईंच्या मनात आलं. लगेच पुढचंही आलं: एकानं पाणी न्यायचं, दुसरीनं डोळे मिटायचे, असं तर नसेल?

टँकर अजून का आला नाही ते बघायला कचरू खाली गेला. सरिता आपल्या खोलीत गेली. बाईंनी दार ओढून घेतलं आणि ग्लुकोजची बरणी काढली. घरून साखर आणावी असं सकाळी मनात आलं होतं, पण चोरासाठी घरची साखर कशाला? चांगल्या चार-पाच मुठी त्यांनी कोपऱ्यातल्या कॅनमध्ये टाकल्या आणि कॅन धरून गदगदा हलवला. त्यांच्या सासूबाई म्हणायच्या, मुंगीला लाच देता येत नाही. ज्याच्या बाटलीला, पिशवीला मुंग्या लागतील तो चोर. राखीव कॅन बाईंशिवाय कुणी कामाला काढायचा नाही, असा नियम त्यांचाच होता. त्यामुळे प्रयोगाला धक्का नव्हता. चोर सापडला की पाणी कुंड्यांना घालायचं. बाईंनी टिकली नव्या पातळीला चिकटवली आणि त्यांना फार दिवसांनी गाढ समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची रजा होती. जावेच्या नातवासाठी वेरूळला घृष्णेश्वराला अभिषेक होता. पिंडीवर पडणारी धार बघतानाही बाईंचं ध्यान कॅनमध्येच होतं.

परत आल्या त्या सरळ कोपऱ्यात गेल्या. कॅन निम्मा झाला होता! टिकली वर कुठेतरी कोरडी लटकत होती. बाईंचे कान तापले. त्या खुंटीकडे वळल्या. कचरूची खाकी पिशवी तिथे लटकत होती, आणि तिच्या तळाशी, शिवणीशी, मुंग्यांची काळी रांग.

"सापडला," बाई पुटपुटल्या. एवढ्यात मागून सरिता आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"बाई, सगळं गेलं माझं. ग्लुकोजचे मरायचे होते ते मेले, पण अरॅबिनोजचेही मेले. रात्रीपर्यंत बरे वाढत होते, मग एकदम थांबले. सगळेच्या सगळे. वाण ठीक आहे, साखर ठीक आहे. कुणीतरी काहीतरी केलंय."

बाईंच्या डोक्यात खटक्यासरशी सगळं जुळलं. सगळं जुळलं की माणसानं खरं तर तिथंच घाबरायला हवं. पण संशयी माणसाला त्याच वेळी भरती येते.

सेलूकर सरांच्या खोलीत कचरूला बोलावलं. डॉ. मंदार सेलूकर केंद्राचे प्रमुख, कायम घाईत. त्यांनी फोन कानाला लावलेलाच होता, तो जरा बाजूला धरला.

"कोपऱ्यातल्या कॅनला हात लावलास का?" बाईंनी विचारलं.

"लावला, बाई. त्याचं असं झालं—"

"लावला! ऐकलंत, सर? स्वतःच्या तोंडानं."

"पर बाई, ते कामाचं—"

"आणि तुझ्या पिशवीला मुंग्या का लागल्या रे?"

कचरू गोंधळला. "गूळ हाय तिच्यात. उन्हाचं येतो, गुळाचा खडा तोंडात टाकतो अन् वर पाणी पितो. आमच्याकडं सगळेच तसं करतात."

"मुंग्यांचा इथं काय संबंध?" सरांनी विचारलं.

"मी खूण करून ठेवली होती, सर. कोणती ते सांगत नाही, नाही तर पुढच्या वेळी उपयोग नाही. पण खूण पटलीय." बाईंचा आवाज चढला. "यानं पाणी घरी नेलं. आणि कमी दिसू नये म्हणून टेबलावरच्या कॅनमध्ये दुसरं ओतलं. टँकरचं! ते खारट पाणी पिऊन हिचे जीवाणू मेले."

सरिता कचरूकडे वळली. "मामा, टेबलावरच्या कॅनमध्ये तुम्ही पाणी ओतलं होतं?"

"व्हय ताई, वतलं. कमी व्हतं म्हणून."

सरितानं त्याच्याकडे फक्त पाहिलं. वर्षानुवर्षं रात्रंदिवस केलेल्या कामाची राख झालेली पोर पाहील, तसं तिनं पाहिलं. कचरूच्या ओठांवर पुढचं वाक्य आलेलं होतं, ते तिथेच राहिलं. बाईंचं बोलणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. ही नजर मात्र नवी होती.

"बोल की," बाई म्हणाल्या. "आता का दातखीळ बसली?"

कचरूनं खिशातून खोलीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझ्या आज्याला पाण्याला शिवू देत नव्हते, साहेब. वरून कुणी वाढंल तवा ओंजळीनं प्यायचा तो. आमी शिकलो, हितं आलो, हातानं पाणी भरलं, लई बरं वाटलं. आता मला पाणीचोर म्हणता. माझं काय म्हणणं नाय."

तो गेला. सरांनी कपाळाला हात लावला. "कायम करायचा प्रस्ताव आता कसा पुढं नेऊ? थांबवतो," असं म्हणून त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. बाई जिंकल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी श्रीरंगरावांना सगळं दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "कचरू? तो नाही हो असं करायचा." बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय कळतं?" पण भात काही गोड लागला नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी फ्लास्क धुवायला कुणी नव्हतं. बाईंनी पदर खोचला आणि स्वतःच कामाला लागल्या. आधी कोपऱ्यातलं राहिलेलं पाणी कुंड्यांना घालावं म्हणून कॅन पुढे ओढला, आणि त्यांचा हात तसाच थांबला.

कॅनच्या मागच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरत होती. ती फरशीच्या फटीतून निघून थेट कॅनच्या तोटीखाली येत होती. तिथे वाटीएवढ्या जागेत मुंग्या नुसत्या खदखदत होत्या. बाईंनी तोटीखाली बोट धरलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक थेंब बोटावर आला. त्यांनी बोटाला बोट लावून पाहिलं. चिकट.

तोटी गळत होती. केव्हापासून, देव जाणे! टँकरचं पाणी असं ठिबकलं असतं तर फरशीवर पांढरा डाग पडला असता, कुणालाही दिसला असता. पण डिस्टिल्ड पाणी डागसुद्धा मागे ठेवत नाही. वैशाखातल्या उकाड्यात थेंब पडायचा आणि सुकून जायचा. मुंग्यांनी चोर दाखवला होता. सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं होतं.

बाई उठल्या आणि टेबलापाशी गेल्या. मनात आलं ते खोटं ठरावं म्हणून त्यांनी देवाचं नाव घेतलं. टेबलावरच्या कामाच्या कॅनच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांमध्येही मुंग्या होत्या. कचरूनं ओतलं होतं ते टँकरचं नव्हतं. सरिताचं काम अडू नये म्हणून त्यानं कोपऱ्यातलं, बाईंनी गोड करून ठेवलेलं पाणी ओतलं होतं. काल तो हेच सांगू बघत होता, आणि बाईंनी त्याला एकही वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. जगवायच्या फ्लास्कांना अरॅबिनोजबरोबर ग्लुकोजही गेलं, गवंडी बंद पडले, आणि पोरीचं सगळं काम मेलं.

बाईंनी ओलं फडकं उचललं आणि मुंग्या पुसायला सुरुवात केली. ग्लुकोजचं कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅन धुतले की संपलं. अर्धी रांग पुसून झाली आणि त्यांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी भाजीवाल्यावर संशय घेतला, दूधवाल्यावर घेतला, सख्ख्या नवऱ्यावर घेतला. आज घ्यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. खोलीत त्या एकट्या होत्या आणि त्यांच्या हातात पुरावा पुसायचं फडकं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी फडकं टाकलं आणि सरिताला हाक मारली.

सरितानं सगळं ऐकून घेतलं. मुंग्या बघितल्या. मग ती स्टुलावर बसली.

"ग्लुकोजच का, बाई? चहाची साखर टाकली असती तर माझ्या जीवाणूंनी तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. त्यांना ती खाताच येत नाही."

"घरची साखर कशाला, असं वाटलं," बाई म्हणाल्या. बोलताना त्यांची त्यांनाच शिसारी आली.

"माझं काय, मी नव्यानं करीन. वाण शीतपेटीत आहे, पुन्हा वाढवता येईल," सरिता म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "पण मामांकडं मी कसं बघितलं हो काल! ज्या माणसानं माझं काम अडू नये म्हणून पाणी भरून ठेवलं, त्याच्याकडं! तुम्ही म्हणालात आणि मी लगेच खरं मानलं. तुम्ही त्यांना ओळखता ना इतकी वर्षं? मग तुम्हाला कसं वाटलं असं?"

बाईंकडे होतं ते उत्तर बोलण्यासारखं नव्हतं.

मग त्या सरांकडे गेल्या. त्यांनाही सगळं सांगितलं, खूण कोणती होती तेसुद्धा. सर रागावले, फार रागावले, आणि शेवटी म्हणाले, "प्रस्ताव मी आजच पुढं पाठवतो. त्याला घेऊन या. पण माफी तुम्ही मागायची, मी नाही." बाई म्हणाल्या, "मीच मागणार आहे."

पडेगावात रिक्षा जिथपर्यंत गेली तिथपर्यंत गेल्या, पुढे चालत. कुठे नुसती विटांची भिंत, कुठे अर्धी स्लॅब, वर आलेले गज, आणि दारोदारी निळे ड्रम. कचरूचं घर खिडकीच्या उंचीपर्यंत आलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. बांधकामाला पाणी नव्हतं. कचरू ओट्यावर बसून विळ्याला मूठ बसवत होता. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला, सवयीनं.

"बसा, बाई."

त्याची बायको गोजरबाई आतून आली. तिला सगळं ठाऊक होतं, ते तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. तरी ती आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. पेल्याशेजारी ताटलीत गुळाचा खडा.

"उन्हाच्या आलात. आधी गूळ खावा, मग पाणी घ्या," ती म्हणाली. "आमच्याकडं अशीच रीत हाय. कुणी मानो न मानो."

बाईंनी खडा तोंडात टाकला. पाण्याचा घोट घेतला, खारट होतं, पण थंड होतं. दारातल्या ड्रममध्ये तळाला उरलेलं पाणी त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं. त्यांनी पेला रिकामा केला आणि मग बोलल्या. मध्ये थांबल्या नाहीत. साखर कुणी घातली, कशासाठी घातली, तोटी कशी गळत होती, सगळं सांगितलं.

"म्हंजी मला धरायला घातली व्हती?" कचरूनं विचारलं.

"हो."

"अन् ताईचे फ्लास्क त्यानं मेले?"

"माझ्यामुळं मेले. तू निर्दोष आहेस, कचरू. तुम्ही, म्हणजे..." त्यांची जीभ अडखळली. "तुम्ही निर्दोष आहात. मी चुकले. पदर पसरते."

"पदर नका पसरू बाई, बरं दिसत नाय," कचरू म्हणाला. त्यानं विळा खाली ठेवला. "ताईला सांगितलं?"

"आधी तिलाच सांगितलं. ती रडत होती. संध्याकाळी येते म्हणाली."

तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. गोजरबाई मात्र उंबऱ्यातून म्हणाली, "जाऊ नका तुमी. रोजंदारी करू. ह्या बाई पुन्हा काय घालतील कशात, काय नेम?"

बाईंनी मान खाली घातली. आता लोकांनी त्यांच्यावर संशय घ्यायचा, आणि त्यांनी तो ऐकून घ्यायचा.

"येतो मी, बाई," कचरू शेवटी म्हणाला. "घर अर्धं हाय माझं. काम सोडून चालायचं नाय. पर एक सांगून ठिवतो. फ्लास्क धुईन, ट्रे उचलीन, वाफेचं भांडं लावीन. डिस्टिल्डच्या पाण्याला मात्र हात लावणार नाय."

बाई चटकन म्हणाल्या, "बरं, बरं. चार दिवस नका लावू." त्यांना वाटलं, रागाचं आहे, निवेल.

कचरू आला. सही झाली, तो कायम झाला, सरिताच्या हातचे पेढे सगळ्यांनी खाल्ले. तिनं प्रयोग पुन्हा केला. अरॅबिनोजचे फ्लास्क दुधाळ गढूळ झाले, ग्लुकोजचे पातळच राहिले, आणि तिनं ते आधी कचरूला नेऊन दाखवले. "मामा, गवंडी कामाला लागले." कचरू खळखळून हसला. बाई लांबून बघत होत्या.

पण पाण्याचं तो म्हणाला ते त्यानं खरं केलं. चार दिवस गेले, पावसाळा गेला, जायकवाडी भरलं, नळाला पाणी आलं. पाण्याची कसलीच चणचण राहिली नाही तेव्हाही तो कॅनजवळ गेला नाही. द्रावण बनवायचं असलं की तो रिकामे फ्लास्क ओळीनं मांडायचा आणि दोन पावलं मागे सरून, हात पाठीशी बांधून उभा राहायचा. बाईंनी पाणी ओतून झालं की पुढे येऊन फ्लास्क उचलायचा. नव्यानं आलेल्या पोरांना वाटायचं, कायम झाल्यावर मामा शेफारला. म्हातारी कॅन उचलतेय आणि हा साहेबासारखा बघत उभा राहतो. एकानं तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा बाई त्याच्या अंगावर अशा काही धावून गेल्या, की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

निवृत्तीच्या आधीच्या थंडीत एकदा भरलेला कॅन टेबलावर चढवताना बाईंच्या कमरेत लचक भरली. कॅन टेबलाच्या काठावर तिरका टेकलेला, सोडला तर फुटणार, उचलावा तर कळ मस्तकात जातेय. कचरू दोन पावलांवर होता.

"कचरूराव," त्या दम लागून म्हणाल्या, "एवढा जरा हात लावता का?"

कचरू पुढे झाला. त्यानं बाईंच्या दंडाला धरून त्यांना सावरलं, पायानं स्टूल ओढून त्यांच्या मागे सरकवलं, आणि कॅन त्यांच्याच हातात राहू दिला.

"नाय, बाई," तो हळूच म्हणाला. "तेवढं सोडून सांगा."